जुनी प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर कशी आणायची? लाखभर रुपयांत काय होतं आणि काय होत नाही

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावाकडच्या घरी अंगणात किंवा गोठ्याशेजारी एखादी जुनी गाडी उभी असते. टायर जमिनीत रुतलेले, आत कोंबडी अंडी घालते. "एकदा हिला चालू करायचीय" असं घरातलं कुणीतरी दर दिवाळीला म्हणतं. माझ्या बाबतीत ती गाडी होती मामांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, मुक्काम कराड.

मामा २०१२ मध्ये गेले, तेव्हापासून गाडी जागची हललेली नव्हती. जून २०२३ मध्ये मामींचा फोन आला, "अंगणात फरशी बसवायचीय. भंगारवाला सोळा हजार देतोय. तुला न्यायची असली तर ने, नाहीतर दिवाळीआधी मी देऊन टाकणार." मी पुण्यात नोकरी करतो, शनिवार-रविवार मोकळा असतो आणि बाजूला टाकलेले एक लाख रुपये होते. त्यातून हे सगळं सुरू झालं. यात मी एक मोठी चूक केली. ती आधी सांगतो, कारण नवीन माणूस हमखास तीच करतो.

गाडीची थोडी ओळख

मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी इटलीच्या फियाटच्या परवान्यावर गाड्या बनवायची. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी झालं आणि साधारण २००० पर्यंत ती बनत राहिली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ताकद मागच्या चाकांना आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही ती सिनेमात पाहिली असेलच. ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली.

आपल्या कामाची गोष्ट अशी, की हजारो पद्मिनी वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून राबल्या. त्यामुळे तिचे इंजिनाचे आणि ब्रेकचे सुटे भाग आजही मिळतात आणि तुलनेनं स्वस्त मिळतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाउसचा परिसर इथे शोधायचं. काचेची रबरं, क्रोमच्या पट्ट्या, दरवाज्यांची आतली हँडलं यांच्यासाठी मात्र नशीब लागतं. बजेटमध्ये गाडी उभी करायची तर मॉडेल निवडताना "दिसायला भारी" याच्याआधी "भाग मिळतात का" हे बघा.

माझी बावीस हजारांची चूक

गाडी ट्रेलरवर टाकून कराडच्याच एका गॅरेजमध्ये नेली (सहा हजार). मेस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आधी गाडी थांबती का बघू, पळायचं नंतर. रंगाचं तर नावच काढू नका."

मी ऐकलं नाही. मामींना गाडी लवकर छान दिसावी आणि त्यांचं मन बदलू नये, असं मनात होतं. दुसऱ्या ठिकाणी बावीस हजारांत मूळ फिकट निळा रंग मारून घेतला. जुलै महिना, बाहेर पाऊस. सप्टेंबरमध्ये दरवाज्यांच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले. नखानं टोकरलं तर आतून तपकिरी भुगा पडायला लागला. रंग मारणाऱ्याला दोष देत नाही. त्यानं मला विचारलं होतं, "पत्रा बदलायचा का?" आणि मी नको म्हटलं होतं.

हे का झालं ते समजून घ्या. ट्रकला खाली वेगळी चेसिस असते, वरची बॉडी तिच्यावर बसवलेली असते. पद्मिनीला तशी वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणजे फरशीचा पत्रा, दरवाज्यांखालच्या पोकळ पट्ट्या आणि मागचे पाटे जिथे अडकतात ती जागा गंजली, की नुसता दिसण्याचा प्रश्न उरत नाही, गाडीचा कणाच कमजोर होतो. पोकळ पट्टीत पाणी साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. वरून कितीही रंग मारा, तो खालून येणारच.

तपासायची सोपी युक्ती आहे. जुन्या स्पीकरमधलं चुंबक कागदात गुंडाळा आणि गाडीभर फिरवा. जिथे ते पकडत नाही, तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी आहे. मग गाडीखाली झोपून स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं पत्रा टोचत जा. आरपार गेला तर तो पत्रा कापून नवीन वेल्ड करावा लागणार. (गाडीखाली जाताना जॅक स्टँड लावाच. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली अजिबात जायचं नाही.) माझ्या गाडीत फरशीचे दोन तुकडे आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बदलाव्या लागल्या. सत्तावीस हजार गेले आणि नवा रंग अर्धा जळाला तो वेगळाच.

आधी ब्रेक

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब प्रत्येक चाकातल्या छोट्या सिलिंडरपर्यंत पोचतो, तो पिस्टन ढकलतो आणि लायनर ड्रमला घासतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. अकरा वर्षांत त्यात इतकं पाणी मुरलं होतं, की चारही चाकांतले सिलिंडर आतून गंजून पिस्टन चिकटले होते. सगळे सिलिंडर, रबरी होज, मास्टर सिलिंडरचं किट आणि लायनर नवे घातले. साडेअकरा हजार. यात काटकसर करू नका आणि जुनं रबर "अजून बरं दिसतंय" म्हणून ठेवू नका.

टायरचंही तसंच. मामांच्या टायरवर नक्षी भरपूर होती, पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते बघा. २३०८ म्हणजे २००८ सालचा तेविसावा आठवडा. पंधरा वर्षांचं रबर. ५.२०-१४ मापाचे चार नवे टायर घेतले, बारा हजार आठशे.

सेन्सर नाही, मग बिघाड शोधायचा कसा?

हा भाग माझा सगळ्यात आवडता. आजच्या गाडीला ओबीडी स्कॅनर लावला की फोनवर बिघाडाचा कोड येतो. पद्मिनीत ईसीयू नाही की सेन्सर नाही, त्यामुळे स्कॅनर लावायला जागाच नाही. पण पेट्रोल इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: सिलिंडरमध्ये दाब, योग्य वेळी ठिणगी आणि हवेत मिसळलेलं पेट्रोल. एकेक करून तपासायचं.

त्याआधी एक ताकीद. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला नवी बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारू नका. पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असतील तर तुटतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडा आणि दोन-चार दिवस थांबा. मग प्लग बाहेरच ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि हळूहळू पुढे-मागे ढकला. मागची चाकं इंजिन फिरवतात. माझं इंजिन तिसऱ्या दिवशी "खट्" करून सुटलं. मग फोनला जोडायचा नऊशे रुपयांचा यूएसबी एंडोस्कोप प्लगच्या भोकातून आत घालून सिलिंडरच्या भिंती बघितल्या. खोल ओरखडे नव्हते. इथे ओरखडे दिसले असते तर इंजिन पूर्ण उतरवावं लागलं असतं आणि माझं बजेट तिथेच संपलं असतं.

दाब: प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ मारायचा. माझे आकडे आले ११०, ११५, ७० आणि ११० पीएसआय. तिसरा सिलिंडर कमजोर. आता दाब गळतोय कुठून? त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांच्या फटी बुजवतं, त्यामुळे आकडा बराच वाढला तर दोष रिंगांचा. नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. माझा ७० चा फक्त ७५ झाला, म्हणजे व्हॉल्व्ह. तेव्हा इंजिन न उतरवता फक्त हेड काढलं, व्हॉल्व्ह घासून बसवले आणि नवं गॅस्केट घातलं. चमचाभर ऑइलनं माझे निदान वीस-पंचवीस हजार वाचवले.

ठिणगी: डिस्ट्रिब्युटरमध्ये, ज्याला मेस्त्री डेल्को म्हणतात, दोन छोटे पॉइंट असतात. ते उघडले की इग्निशन कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर हजारो व्होल्टचा झटका तयार होऊन प्लगला जातो. गाडी उभी राहिली की पॉइंटवर गंजाचा पातळ थर बसतो आणि करंट येत नाही. बारीक पॉलिश पेपरनं घासा आणि फीलर गेजनं फट लावा. मी साधारण ०.४ मिलिमीटर ठेवली. तीस रुपयांच्या पॉलिश पेपरचं काम. मी मात्र इथे वायरी काढताना फोटो काढला नाही. परत लावल्या त्या १-२-३-४ अशा ओळीनं. सायलेन्सरमधून असा बार निघाला, की शेजारच्या दुकानातला माणूस धावत आला. या इंजिनाचा क्रम १-३-४-२ आहे.

तेव्हापासून नियम केला. काहीही खोलण्याआधी लांबून एक फोटो, जवळून एक फोटो आणि स्वतःच्या आवाजात बोलत दहा सेकंदांचा व्हिडिओ. नट-बोल्ट छोट्या पिशव्यांत आणि पिशवीचाही फोटो. दुकानदाराला भाग पाठवताना शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. "पद्मिनीचा रबर बुश" एवढंच सांगितलं तर हमखास चुकीचा येतो.

पेट्रोल: टाकीतल्या जुन्या पेट्रोलची चिकट राळ झाली होती. टाकी उतरवून साफ केली, कार्ब्युरेटर खोलून सगळे जेट धुतले, पंपाचा फाटलेला पडदा बदलला. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या काळचे रबरी पाइप त्यात फुगतात, चिरतात. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे होज इथेनॉल चालेल असेच घाला. इंजिनाशेजारी पेट्रोल गळणं म्हणजे आग. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर लक्षात ठेवा, इथेनॉल पाणीही ओढतं.

हेड, कार्ब्युरेटर, टाकी धरून एकोणीस हजार. वायरिंग आणि बॅटरी साडेतेरा हजार.

कागद: इथे खरी धाकधूक होती

खरं तर हे सगळ्यात आधी बघायला हवं. खासगी गाडीचं आरसी पहिली पंधरा वर्षं चालतं, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मामांनी शेवटचं नूतनीकरण केलं त्याची मुदत २०११ मध्ये संपली होती. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तर "माहिती उपलब्ध नाही". पोटात गोळा आला. नंबर जुन्या धाटणीचा, एमएच सुरू होण्याआधीचा आणि आरटीओच्या कागदी रजिस्टरमधून संगणकावर कधी चढलाच नव्हता. अशा वेळी मूळ आरसी बुक घेऊन आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. मूळ पुस्तक मामांच्या पोथ्यांच्या कपाटात होतं, मामींनी ते जपून ठेवलं होतं. ते नसतं तर मी गाडीला हात लावला नसता.

नोंद झाल्यावर मालक वारल्यामुळे फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या म्हणजे मामींच्या नावावर केली. मग विमा, फॉर्म २५ भरून नूतनीकरण, गाडीची तपासणी, पर्यावरण कर, पीयूसी. नूतनीकरणाचं शुल्क तेव्हा पाच हजार होतं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना ते दहा हजार झालंय, शिवाय उशिराचं शुल्क महिन्यागणिक वेगळं. उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते. हिशेब करताना हे धरा. माझे कागदांवर एकूण अकरा हजार गेले.

बरेच जण विचारतात, व्हिंटेज नोंदणी का नाही केली? २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी लागते, नवीन नोंदणीचं शुल्क वीस हजार आहे आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. १९८६ च्या गाडीचा प्रश्नच नव्हता, पण सत्तरच्या दशकातली गाडी मिळाली तरी ती चालवायची असेल तर मी साधी नोंदणीच करीन.

शेवटचा हिशेब

सगळं मिळून एक लाख बावीस हजार आठशे. त्यातून रंगाचे बावीस हजार वजा केले तर एक लाख आठशे राहतात, म्हणजे ठरवलेल्या बजेटपेक्षा फक्त आठशे जास्त. यात माझे शनिवार-रविवार आणि पुणे-कराड एसटीचं भाडं धरलेलं नाही, ते धरायची हिंमतही नाही.

दिवाळीची मुदत अर्थातच हुकली. फरशीवाला आला तेव्हा गाडी गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर उभी होती, त्यामुळे मामींना अंगण मोकळं मिळालं आणि भंगारवाल्याचा विषय मागे पडला. कागद हातात आले एप्रिल २०२४ मध्ये. त्या रविवारी मामींना मागच्या सीटवर बसवून प्रीतिसंगमावर नेलं. त्या मागेच बसल्या, पुढची सीट "त्यांची" आहे म्हणाल्या. येताना चढावर गाडी थोडी तापली, पण घरी आली.

दोन्ही बाजूंना खालचा वीतभर पत्रा अजून राखाडी प्रायमरमध्येच आहे. रंगाचे पैसे साठेपर्यंत तो तसाच राहील, गंज मात्र पुन्हा आलेला नाही. मागच्या काचेचं रबर अजून मिळत नाहीये. नाना पेठेत दोनदा जाऊन आलो, आता पावसाळ्याआधी कुर्ल्याला एक चक्कर मारणार आहे.