अंगठा, कोळ्याचा धागा आणि जवाहरनगर

भंडाऱ्याला वैनगंगेच्या पुलावर आमचा एक खेळ चालायचा. एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा आणि अंगठ्याआड ट्रक लपवायचा. अंगठा 2 सेंटीमीटर रुंद, डोळ्यापासून 60 सेंटीमीटरवर, म्हणजे 30 पट. 10 मीटरचा आडवा ट्रक बरोब्बर झाकला गेला, की तो 300 मीटरवर. रायफलच्या दुर्बिणीतल्या रेघा, म्हणजे रेटिकल, हाच उद्योग करतात!

याची सुरुवात मात्र बंदुकीपासून नाही झाली. साधारण 1640 च्या आसपास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज खगोलप्रेमीच्या दुर्बिणीत कोळ्याने धागा ताणला. नेमका अशा जागी, की दूरचं दृश्य आणि धागा दोन्ही एकदम स्पष्ट दिसले. बिचारा 1644 मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. पुढे सर्व्हेवाल्यांनी दोन आडव्या रेघा टाकल्या. कॉलेजात सिव्हिलची पोरं उन्हात हेच करायची: रेघांमध्ये पट्टीचा दीड मीटर दिसला, गुणिले 100, अंतर 150 मीटर. आम्ही कॉम्प्युटरवाले एसीत बसून त्यांना हसायचो. असो.

1963 मध्ये सोव्हिएत सैन्याने स्वीकारलेली ड्रॅगुनोव्ह रायफल आपल्या सैन्यानेही वापरली. तिच्या दुर्बिणीत एक सरळ रेघ आणि तिच्यावर एक वक्र रेघ असते. माणसाचे पाय सरळ रेघेवर ठेवायचे, डोकं वक्र रेघेला 4 पाशी टेकलं तर तो 400 मीटरवर. गणिताशिवाय उत्तर! पण त्यात माणसाची उंची 1.7 मीटर धरलेली आहे. तो दीड मीटरचाच असला, तर तीच रेघ त्याला 450 मीटरच्या पलीकडे नेऊन ठेवते. कोडमध्ये हार्डकोड केलेली व्हॅल्यू असते ना, तसंच.

मुख्य खुणेखाली आणखी तीन खुणा असतात, 1100, 1200 आणि 1300 मीटरसाठी. कारण गोळी वाटेत खाली येते. या खुणांमागे आणखी एक गृहीतक आहे: प्रत्येक काडतुसातली दारू सारखीच जळेल. (ती दारू नव्हे!) काचेवरची खूण एकदाच कोरायची असते, दारू मात्र प्रत्येक खेपेला तितकीच नेमकी बनवावी लागते.

स्फोटकं आणि तोफगोळ्यांना ढकलणारी अशी दारू बनवणारा कारखाना आमच्याच जिल्ह्यात आहे, जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी. 2021 पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. शस्त्रांच्या इतिहासात कोळी येतो, ड्रॅगुनोव्ह येतो, पण दारू बनवणाऱ्या हातांबद्दल मला तरी फारसं काही वाचायला मिळालं नाही. 24 जानेवारी 2025 च्या सकाळी तिथे स्फोट झाला. इमारतीचं छत कोसळलं, आठ कामगार गेले. मी पुण्यात ऑफिसात होतो. शाळेतल्या ज्या ज्या मित्रांच्या घरचं कुणी तिथे कामाला होतं, त्यांना एकेक करून फोन लावत बसलो. दुपारपर्यंत बहुतेकांचे लागतच नव्हते.