गढूळ मिक्स: भोंग्यापासून इक्वलायझरपर्यंत

परवा रात्री घरी एक गाणं रेकॉर्ड केलं. गिटार, हार्मोनियम, ढोलकी आणि माझा आवाज. एकेक ट्रॅक वेगळा ऐकला की झकास. सगळे एकत्र लावले की गोधडीखालून कुणीतरी गातंय असं वाटायचं. शब्दच कळेनात. मी आवाज वाढवला, मग गिटार दबली म्हणून ती वाढवली, मग परत आवाज. दोन तासांनी गाणं मोठं झालं होतं, स्वच्छ नाही.

तेव्हा डोक्यात आलं, फेडरच नव्हते तेव्हा लोक काय करायचे?

1925च्या आधी बाजारात येणाऱ्या जवळपास सगळ्या तबकड्या माईकशिवायच भरल्या जायच्या. एक भोंगा, त्याच्या टोकाला पातळ पडदा आणि सुई. आवाजाच्या जोरावरच मेणावर रेघ कोरली जायची. 1902 साली कोलकात्यात फ्रेड गायस्बर्गने गौहर जान यांना रेकॉर्ड केलं, ते असंच. मिक्सिंग म्हणजे कोण भोंग्यापासून किती लांब, एवढंच. गायक जवळ, दणदणीत वाद्यं मागे. नंतर दुरुस्ती नाही.

व्हायोलिन नीट पकडलं जाईना, तर त्यालाच धातूचा भोंगा बसवला. ते स्ट्रो व्हायोलिन. डबल बास ऐकू येईना, तर अनेकदा त्याजागी ट्युबा घ्यायचे. म्हणजे बघा, गाणं स्पष्ट यावं म्हणून जागा बदलायची, नाहीतर थेट वाद्यच बदलायचं.

1925 मध्ये अमेरिकेत माईकवर भरलेल्या तबकड्या बाजारात आल्या. खालचे सूर पकडले जाऊ लागले, आणि त्यांच्यासोबत खोलीचं घुमणंही आलं. पुढे माईक वाढले, ट्रॅक वाढले, आणि प्रत्येकाचा खालचा गाळ एकावर एक साचू लागला.

त्यावरचा उपाय आला टेलिफोनकडून. लांबच्या तारेतून जाताना वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त गळायच्या. सगळ्या पुन्हा समान करणारं सर्किट, म्हणून नाव इक्वलायझर. 1972 मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी पॅरामेट्रिक इक्वलायझरवर पेपर मांडला. कुठली फ्रिक्वेन्सी, किती रुंद पट्टा, किती कमी-जास्त, हे तिन्ही वेगवेगळं ठरवता येऊ लागलं. तुमच्या ॲपमधला तो ओढायचा ठिपका याच घराण्यातला.

गढूळपणा साधारण 200 ते 500 हर्ट्झमध्ये साचतो. गंमत म्हणजे वाद्याचा ऊबदारपणाही तिथेच असतो. एकट्या गिटारला तो शोभतो, चौघांचा मिळून चिखल होतो. म्हणून सोलो करून इक्यू लावू नका, सगळं चालू ठेवून लावा. गिटार 300च्या आसपास 3 डेसिबल कमी करून बघा. आवाजाला 80 हर्ट्झच्या खाली हाय-पास लावा. माईक कोपऱ्यातून बाहेर काढा, आणि तोंडाला अगदी चिकटवू नका, बहुतेक माईक जवळून बास फुगवतात.

मी मात्र आधी भोंगेवाल्यांचं ऐकलं. कडव्यातली हार्मोनियम एक सप्तक वर वाजवली. इक्यूला हात लावायच्या आधीच शब्द ऐकू यायला लागले.

तुमचं एखादं गढूळ गाणं पडून असेल तर आज उघडा, आणि काहीही वाढवायच्या आधी एक गोष्ट कमी करून ऐका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!