बॅकलिंकचं वजन आजूबाजूच्या मजकुरावर कसं ठरतं?

दुसऱ्या वेबसाइटने तुमच्या पानाची लिंक दिली, की ती तुमच्यासाठी बॅकलिंक. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीत अशी लिंक म्हणजे साधारण एक मत. पण हे मत नेमकं कोणत्या विषयासाठी आहे? ते कळतं शब्दांवरून. लिंक ज्या शब्दांवर असते त्यांना अँकर टेक्स्ट म्हणतात आणि गुगल ते पहिल्यापासून वाचतं.

त्याच वर्षी आयबीएममधल्या संशोधकांनी अँकरच्या आजूबाजूलाही पाहिलं. त्यांच्यात सौमेन चक्रबर्ती होते, जे पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. याहूला लिंक देणाऱ्या पानांवर 'याहू' हा शब्द लिंकपासून किती लांब येतो, हे त्यांनी मोजलं. बहुतेक वेळा तो ५० बाइट्सच्या आत, म्हणजे साधारण पन्नास इंग्रजी अक्षरांच्या आत सापडला.

मराठीत तर हे फारच लागू पडतं, कारण आपल्याकडे निम्म्या लिंक 'इथे क्लिक करा' यावरच असतात! 'हापूसची पेटी घरी आल्यावर आंबे कसे पिकवावेत, ते इथे वाचा' या वाक्यात 'इथे वाचा' काहीच सांगत नाही, सगळं सांगतं ते आधीचं वाक्य. लिंकच्या आधीचे आणि नंतरचे शब्द महत्त्वाचे असतात, असं गुगलच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही लिहिलेलं आहे.

नुसत्या अँकरवर भिस्त ठेवली की काय होतं, ते २००३ मध्ये दिसलं. अनेकांनी ठरवून 'मिझरेबल फेल्युअर' (दारुण अपयश) या शब्दांवर जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाउसवरच्या परिचयाची लिंक दिली. त्या पानावर हे शब्द नसतानाही शोधात ते पहिलं येऊ लागलं. गुगलने यावर उपाय केला तो जानेवारी २००७ मध्ये.

गुगलच्या २०१० मध्ये मंजूर झालेल्या एका पेटंटमध्ये तर लिंकची जागा, अक्षरांचा आकार, रंग आणि भोवतीचे शब्द यांवरून ती क्लिक होण्याची शक्यता काढलेली आहे. म्हणजे लेखाच्या मधल्या परिच्छेदातली लिंक आणि तळाशी कोंबलेली लिंक सारखी नाही. पेटंटमधलं सगळं तसंच्या तसं वापरात असतं असं नव्हे, पण विचाराची दिशा कळते.

म्हणूनच '५०० बॅकलिंक्स स्वस्तात' अशा जाहिरातींपासून छोट्या व्यावसायिकांनी लांब राहावं. कर्ज, कॅसिनो आणि औषधांच्या लिंकांच्या रांगेत तुमच्या मसाल्यांच्या दुकानाची लिंक टाकली जाते. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, तर वाण नाही पण गुण लागतो. रँकिंगसाठी लिंक विकत घेणं गुगलच्या नियमांत स्पॅम आहे. एप्रिल २०१२ च्या पेंग्विन अपडेटने अशा अनेक साइट खाली ढकलल्या. सप्टेंबर २०१६ पासून गुगल बहुधा अशा लिंक मोजतच नाही, म्हणजे पैसे पाण्यात.

आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवर शेअर केलेली लिंक? तिथल्या लिंकांना सहसा 'नोफॉलो' खूण असते, त्यामुळे त्या थेट मत म्हणून धरल्या जात नाहीत. मात्र तुमची पोस्ट पाहून एखाद्या पाककृतीच्या ब्लॉगने गोडा मसाल्यावरच्या लेखात दोन ओळी लिहून तुमची लिंक दिली, तर ती धरली जाऊ शकते.