ओक्काकाच्या महालात एक रात्र

मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा. इथे वेळ उन्हावर चालते. मल्लांच्या राज्यात, राजाच्या शयनकक्षात तुम्ही खांबाआड उभे आहात आणि गवाक्षातून आलेलं ऊन फरशीवरून हळूहळू मागे सरतंय. ते संपलं की महाराणी शीलवती परपुरुषाकडे जाणार. राजाज्ञेने, वाजतगाजत, आणि फक्त उद्याच्या पहिल्या किरणापर्यंत.

राजा ओक्काक पुरुषत्वहीन, गादीला वारस नाही. महामात्य, राजपुरोहित आणि महाबलाधिकृत या त्रयीने तोड काढली आहे : राणीने 'धर्मनटी' व्हावं, जमलेल्या नागरिकांतून एकाला एका रात्रीपुरतं निवडावं. किती अदबीने बोलतात तिघं! पावसाळ्याआधी छप्पर शाकारून घ्यायचं असावं तसं.

ऊन विझतं. राणी निघते. तुमचेही पाय तिच्यामागे वळतात ना? चौकात कोणाच्या गळ्यात माळ पडते ते बघायला? थांबा. आता या खोलीत एक माणूस रात्र कशी काढतो ते बघा. सोबतीला महत्तरिका, महालातली प्रमुख सेविका. तिला जाऊ देववत नाही आणि तिच्यासमोर धड रडवतही नाही. राजा मंचकावर बसतो, उठतो, बोलतो, गप्प होतो. बाहेर प्रहर सरल्याची चाहूल लागली की त्याचा चेहरा बघवत नाही. राणीने निवडला तो आर्य प्रतोष, लग्नाआधीचा तिचा सखा. गरिबी आड आली म्हणून ते लग्न राहिलं होतं. एखादा अनोळखी असता तर राजाला ही रात्र थोडी हलकी गेली असती, असं मला दर वेळी वाटतं.

ओक्काक आणि शीलवती ही नावं तुम्हाला कुस जातकातही भेटतात. तिथे ऐन वेळी शक्र, म्हणजे इंद्र, म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या वेषात येतो आणि राणीला घेऊन जातो. सगळ्यांची अब्रू झाकली जाते. सुरेंद्र वर्मांनी १९७०च्या दशकात 'सूर्य की अंतिम किरण से सूर्य की पहली किरण तक' हे हिंदी नाटक लिहिताना इंद्राला आत येऊच दिलं नाही. अमोल पालेकरांनी पुढे याच नाटकावर 'अनाहत' हा मराठी चित्रपट केला; त्यात ओक्काक झालेल्या अनंत नाग यांना ज्यांनी पाहिलंय, त्यांना या खोलीतला अंधार ओळखीचा वाटेल.

उजाडलं. ऊन आता समोरच्या गवाक्षातून येतंय. शीलवती आत येते. तिघं उत्सुक : काम झालं का? ती वारसाबद्दल बोलत नाही. स्वतःच्या देहाबद्दल बोलते, रात्री पहिल्यांदाच कळलेल्या सुखाबद्दल. आई होणं हा तिच्या लेखी आता त्या सुखामागून येणारा भाग. आणि धर्म म्हणाल, तर तो यांनीच तर शिकवला होता! महामात्य फरशीकडे पाहतात. राजपुरोहिताला वचन आठवत नाही.

ओक्काक अजून कालच्याच वस्त्रांत आहे.