टोनी एस्तांगे

टोनी एस्तांगे (जन्म: ६ मे १९७८, पो, फ्रान्स) हे फ्रान्सचे माजी कनू स्लालम खेळाडू व क्रीडा प्रशासक आहेत. एकेरी कनू (सी-१) या प्रकारात त्यांनी २०००, २००४ आणि २०१२ च्या ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदके जिंकली. तीन वेगवेगळ्या ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले फ्रेंच खेळाडू ठरले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिक संयोजन समितीचे ते अध्यक्ष होते.

खेळाचे स्वरूप

कनू स्लालम ही वेगाने उसळत्या पाण्यातील होडीची शर्यत आहे. प्रवाहावर टांगलेल्या दांड्यांच्या जोड्यांतून, म्हणजे गेटमधून, खेळाडूला ठरलेल्या क्रमाने जावे लागते. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची गेट प्रवाहाच्या दिशेने, तर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची गेट प्रवाहाविरुद्ध पार करायची असतात. दांडीला स्पर्श झाल्यास एकूण वेळेत २ सेकंद आणि गेट चुकल्यास ५० सेकंद मिळवले जातात. कयाकमध्ये खेळाडू बसून दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे वापरतो. कनूमध्ये मात्र त्याला गुडघ्यांवर बसून एकाच पात्याच्या वल्ह्याने होडी हाकावी लागते.

प्रारंभिक जीवन

पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या पो शहरात, होडी चालवण्याची परंपरा असलेल्या कुटुंबात एस्तांगे यांचा जन्म झाला. त्यांचे थोरले बंधू पात्रिस यांनी १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात कांस्यपदक मिळवले होते. सिडनी ऑलिंपिकच्या निवडीसाठी दोघे बंधू परस्परांचे प्रतिस्पर्धी होते. या चुरशीत धाकट्याची सरशी झाली आणि विद्यमान पदकविजेत्या थोरल्या बंधूंची संधी हुकली.

कारकीर्द

सिडनी येथे २२ वर्षांच्या एस्तांगे यांनी स्लोव्हाकियाचे मिखाल मार्तिकान व युराई मिंचीक यांना मागे टाकून सुवर्णपदक जिंकले. मार्तिकान हे १९९६ चे विजेते होते. या दोघांमधील स्पर्धा पुढे बारा वर्षे चालली आणि या खेळाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या स्पर्धांपैकी एक मानली जाते.

२००४ मध्ये अथेन्स येथे मार्तिकान प्रथम आल्याचे आधी दिसत होते. परंतु दांडीला झालेल्या स्पर्शाबद्दल पंचांनी त्यांना २ सेकंदांचा दंड लावला आणि अवघ्या ०.१२ सेकंदाच्या फरकाने सुवर्णपदक एस्तांगे यांच्याकडे गेले.

२००६ मध्ये प्राग येथे ते प्रथमच वैयक्तिक विश्वविजेते झाले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यांना फ्रान्सच्या पथकाचे ध्वजवाहक होण्याचा मान मिळाला. मात्र उपांत्य फेरीतच त्यांचे आव्हान संपले आणि सुवर्णपदक मार्तिकान यांनी जिंकले. या अपयशानंतर त्यांनी खेळ सोडला नाही. २००९ व २०१० अशी सलग दोन वर्षे त्यांनी पुन्हा विश्वविजेतेपद मिळवले.

लंडन ऑलिंपिकमध्ये प्रत्येक देशाला या प्रकारात एकच खेळाडू पाठवता येत होता. २०११ चे विश्वविजेते देनी गार्गो शानू हेही फ्रान्सचेच होते. निवडीत त्यांच्यावर मात करून एस्तांगे लंडनला गेले आणि ३४ व्या वर्षी तिसरे सुवर्णपदक जिंकले. जर्मनीचे सिदेरिस तासियादिस दुसरे, तर मार्तिकान तिसरे आले. त्याच वर्षी एस्तांगे यांनी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती पत्करली. गार्गो शानू यांनी चार वर्षांनी रिओ येथे सुवर्णपदक जिंकून हा वारसा पुढे नेला.

ऑलिंपिक कामगिरी

* २०००, सिडनी – सुवर्ण
* २००४, अथेन्स – सुवर्ण
* २००८, बीजिंग – उपांत्य फेरीत बाद
* २०१२, लंडन – सुवर्ण

प्रशासकीय कार्य

२०१३ मध्ये एस्तांगे खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. २०२४ च्या यजमानपदासाठी पॅरिसने केलेल्या प्रयत्नांचे बेर्नार लापासे यांच्यासह त्यांनी नेतृत्व केले. सप्टेंबर २०१७ मध्ये लिमा येथील अधिवेशनात पॅरिसला हा मान मिळाला व संयोजन समितीचे अध्यक्षपद एस्तांगे यांच्याकडे आले. १९२४ नंतर बरोबर शंभर वर्षांनी पॅरिसमध्ये उन्हाळी ऑलिंपिक भरले. २६ जुलै २०२४ रोजीचा उद्घाटन सोहळा प्रथेप्रमाणे स्टेडियममध्ये न होता सेन नदीवर झाला आणि खेळाडूंची पथके बोटींतून आली. या स्पर्धेत एस्तांगे यांच्याच प्रकारातील सुवर्णपदक फ्रान्सच्या निकोला जेस्तँ यांनी जिंकले.