व्हॉल्व्ह गाइड

व्हॉल्व्ह गाइड (झडपेची मार्गनळी) हा चार धावांच्या अंतर्ज्वलन इंजिनातील एक नळीवजा भाग होय. झडपेचा दांडा या नळीतून वरखाली सरकतो. यंत्रदुरुस्तीच्या बोलीत त्यास ‘गाइड’ किंवा ‘गाइड बुश’ म्हणतात. गाइड झिजले की झडप आपल्या बैठकीवर नीट बसत नाही, दाब गळतो आणि इंजिन सुरू होणे कठीण जाते. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, विहिरीवरील ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीत हा भाग बदलण्याचे काम महत्त्वाचे ठरले.

रचना व कार्य

गाइड बहुधा बिडाचे, तर काही इंजिनांत फॉस्फरयुक्त काशाचे असते. ते सिलिंडरच्या हेडमध्ये घट्ट ठोकून किंवा दाबून बसवलेले असते. त्याची कामे तीन: झडपेस सरळ रेषेत राखणे, झडपेची उष्णता हेडकडे वाहून नेणे आणि तेल व वायू यांची ये-जा रोखणे. यांपैकी दुसरे काम सहज लक्षात येत नाही. परंतु निष्कास (एक्झॉस्ट) झडप जळण्यामागे झिजलेले गाइड हे एक नेहमीचे कारण असते.

दांडा व गाइड यांमधील फट अतिशय बारीक असते. सुमारे ८ मिलिमीटर व्यासाच्या दांड्यास आगम (इनलेट) बाजूस ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर व निष्कास बाजूस ०.०५ ते ०.१० मिलिमीटर फट सर्वसाधारणपणे ठेवतात. निष्कास झडप अधिक तापून प्रसरण पावते, म्हणून तिची फट मोठी. प्रत्यक्ष कामात मात्र निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

अहिल्यानगर जिल्ह्यातील ऑइल इंजिने

सह्याद्रीतील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग वगळता हा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. भंडारदरा धरणाच्या (१९२६) कालव्यांनी प्रवरा खोऱ्याचा काही भाग भिजला. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागांतील शेती मात्र मोठ्या प्रमाणात विहिरींवर अवलंबून राहिली. विहिरीचे पाणी पूर्वी बैलांच्या मोटेने उपसले जाई. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मोटेची जागा ऑइल इंजिनाने घेतली आणि विजेचे पंप पोहोचेपर्यंत ती टिकली. साताऱ्याचा कूपर कारखाना व पुण्यातील किर्लोस्कर ऑइल इंजिन्स (स्थापना १९४६) यांची इंजिने तसेच मूळ ब्रिटिश ‘लिस्टर’ धर्तीवर राजकोटकडे बनलेली संथ गतीची इंजिने वापरात आली.

लिस्टर धर्तीच्या इंजिनाचा वेग मिनिटाला सुमारे ६५० फेरे असतो. त्यांत रॉकर व झडपांच्या दांड्यांना आपोआप वंगण मिळत नाही. ते तेलाच्या कुपीने हाताने द्यावे लागते. हे काम चुकले की गाइड कोरडे चालते. १५०० फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्येक झडप मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे १० तासांच्या पाळीत साडेचार लाख वेळा उघडते. त्यात उन्हाळ्यातील धुळीची भर पडते. हवेच्या गाळणीतील तेल वेळेवर बदलले नाही, तर धूळ आगम झडपेच्या गाइडपर्यंत पोहोचून घासण्याच्या मसाल्यासारखे काम करते.

पावसाळ्यात इंजिन बंद असताना धुराड्यातून पाणी शिरून निष्कास दांडा गंजतो व अडकतो. धुराड्यावर डबा पालथा घालण्याची रीत यासाठीच आहे. कोकणातील यांत्रिक होड्यांनाही मासेमारीबंदीच्या काळात हाच त्रास संभवतो. तेथे खाऱ्या हवेने तो वाढतो.

लक्षणे

रॉकर दांड्यास सरळ खाली न दाबता किंचित बाजूलाही रेटतो. त्यामुळे गाइडचे भोक दोन्ही टोकांना फाकते व लंबगोल होते. आगम बाजूचे गाइड झिजल्यास तेल आत ओढले जाऊन सुरू करताना निळसर धूर येतो. हाताने वंगण दिल्या जाणाऱ्या इंजिनात हे लक्षण फारसे दिसत नाही. निष्कास बाजूस तप्त वायू वर येतो, दांड्यावर काजळी धरते. हँडल मारताना दाब न लागणे हे शेतकऱ्यास प्रथम जाणवणारे लक्षण. परंतु दट्ट्याच्या रिंगा झिजल्यानेही तसेच होते. म्हणून निदान हेड उतरवूनच पक्के करावे. झडप ८ ते १० मिलिमीटर उचलून तिचे डोके बाजूला हलवून पाहतात. त्यानंतर नवी झडप जुन्या गाइडमध्ये घालून पाहावी. ती घट्ट चालल्यास दोष दांड्याचा, तीही डुगडुगल्यास गाइडचा.

गाइड बदलण्याची रीत

जुने गाइड काढण्यापूर्वी ते हेडच्या पृष्ठभागापासून किती वर आले आहे हे मोजून लिहून ठेवावे. नवे गाइड अधिक वर राहिल्यास स्प्रिंगची टोपी त्यावर आदळते. ज्वलनकक्षाच्या बाजूची काजळी खरवडावी, अन्यथा गाइड निघताना ती भोकास ओरखडे पाडते. नंतर पायरीदार ठोकणी वापरतात: तिचे बारीक टोक गाइडच्या भोकात बसते व जाड खांदा त्याच्या कडेवर टेकतो. बहुतेक इंजिनांत गाइड ज्वलनकक्षाकडून स्प्रिंगच्या बाजूस काढले जाते. खांदा असलेले गाइड मात्र खांद्याच्या दिशेनेच निघते. नुसत्या सळईने ठोकल्यास गाइड फुटते किंवा फुगून अधिकच अडकते.

नवे गाइड हेडमधील भोकापेक्षा सुमारे ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर जाड असावे. ते हातानेच आत गेले तर बसवू नये, कारण चालत्या इंजिनात ते सुटून खाली सरकू शकते. अशा वेळी लेथवर जाड बाह्यव्यासाचे गाइड कातून घेतात. बसवताना तेल लावून, शक्यतो दाबयंत्राने सरळ दाबावे. ॲल्युमिनियमचे हेड असल्यास ते सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत एकसारखे तापवतात. दाबल्याने गाइडचे भोक किंचित आवळते, म्हणून ते रीमरने मापात आणावे. रीमर एकाच दिशेने फिरवावा; उलटा फिरवल्यास धार बोथट होते व भोक खराब होते.

यानंतरचे काम अनेकदा टाळले जाते. नव्या गाइडचा अक्ष जुन्याशी तंतोतंत जुळत नाही. जुनी बैठक मात्र जुन्या अक्षाभोवती घासली गेलेली असते, त्यामुळे झडप एका बाजूस टेकते व दुसऱ्या बाजूस फट राहते. म्हणून गाइडच्या भोकात मार्गदर्शक दांडा घालून बैठक कटरने नव्याने कापावी लागते. फक्त कार्बोरंडमच्या पेस्टने झडप घासणे पुरेसे नाही. जास्त घासल्यास झडपेच्या तोंडावरच खोबण पडते. बैठक कापल्यावर हलकेसे घासून पेस्टचा कण न् कण धुऊन काढावा. उरलेली पेस्ट नवे गाइड थोड्याच दिवसांत खाऊन टाकते.

झडपा व स्प्रिंगा बसवून हेडच्या नळमार्गात रॉकेल ओततात. काही मिनिटे झडपेच्या कडेने थेंब पाझरला नाही, तर काम साधले असे समजतात.

पर्याय

गाइड वेगळे न बसवता हेडमध्येच भोक पाडलेले असल्यास, ते मोठे करून बुश घालतात किंवा जाड दांड्याची झडप वापरतात. भोकाच्या आत खोबणी उमटवून धातू फुगवण्याची पद्धतही आहे, पण ती अल्पकाळच टिकते.

झडपाच नसलेल्या इंजिनांना हा प्रश्न पडत नाही. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये ‘विजयंता’ रणगाडा पाहता येतो. त्याच्या लेलँड एल-६० इंजिनात समोरासमोर चालणारे दट्टेच सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडतात व मिटतात. शेजारच्या ‘सेंच्युरियन’च्या बारा सिलिंडरांच्या मीटिअर इंजिनास मात्र ४८ झडपा, म्हणून गाइडही ४८.

दुरुस्तीनंतर

हेड बसवल्यावर टॅपेटची फट पुन्हा लावावी, कारण बैठक कापल्याने झडप वर सरकून ती कमी झालेली असते. फट न लावल्यास झडप पूर्ण मिटत नाही. काही तास इंजिन चालवून ते थंड झाल्यावर हेडचे नट पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने आवळून फट पुन्हा एकदा तपासतात.