विश्रामबागवाड्याच्या विटा

पुण्यात बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर माणूस मान वर करतो ती लाकडासाठी. सुरूच्या घाटाचे खांब, त्यांच्यामधल्या महिरपी, कोरीव सज्जा, खाली झुकलेली केळफुलं. पेशवाईतलं इतकं देखणं सुतारकाम शहरात आता फार थोडं उरलं आहे. मागच्या विटांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, आणि वाडा समजून घ्यायचा तर तिथेच जायला हवं.

काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि सांगाड्याला बिलगून चढलेल्या पातळ, भाजक्या विटांच्या जाड भिंती, अशी पुण्यातल्या मोठ्या वाड्यांची रीत. मजल्यांचा भार मुख्यतः लाकूड पेलतं. ऊन-पाऊस विटा अडवतात. विटा सांधणारा चुना घाण्यात मळला जाई. गोल चरातून बैल दगडी चाक ओढत राही आणि चुना हळूहळू लोण्यासारखा होई.

विश्रामबागवाडा १८०७चा, पेशवा दुसऱ्या बाजीरावाचा. वसईच्या तहानंतर इंग्रजी फौजेच्या बळावर तो पुण्यात परतला होता. ज्या शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो सोडून त्याने शुक्रवार, बुधवार आणि विश्रामबाग असे वाडे उभारले. विश्रामबागेचं सुख त्याला उणीपुरी अकरा वर्षं लाभलं. १८१८मध्ये राज्य गेलं आणि त्याची रवानगी ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला झाली.

रिकाम्या वाड्यात १८२१ साली इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा उघडली, तीही पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून. तिचंच पुढे पूना कॉलेज झालं, मग डेक्कन कॉलेज. १८६८मध्ये ते येरवड्याला गेलं.

१८७९च्या मे महिन्यात एकाच रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटवले गेले. बुधवारवाडा संपला. विश्रामबागेचा पूर्वेकडचा भाग जळाला, पण लोकांच्या वर्गणीतून वाडा पुन्हा सावरला गेला. पुढे इथे नगरपालिकेची कचेरी आली. माणसांची ये-जा चालू राहिली म्हणूनच छपराची कौलं वेळेवर बदलली गेली असणार. ओस पडलेल्या वाड्याला एवढं आयुष्य मिळत नाही.

आता काळजी वाटते ती दुरुस्तीची. जुनी वीट मऊ असते, ओल शोषते आणि सोडते. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडते. सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, विटेचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीत रुतलेलं सागवान कुजू लागतं. म्हणून अशा भिंतीला चुनाच हवा, कितीही वेळ लागला तरी.